कोष्टकातली रिकामी जागा

केतकीने शाळेसाठी टाइप केलेला निबंध सुलक्षणाने उघडला, तर प्रत्येक ओळीत दोन-तीन रिकामे चौकोन होते. सुलक्षणा फॉन्ट बनवायची. संगणकाकडे अक्षराचा क्रमांक असला पण चित्र नसलं, की असा चौकोन उमटतो, हे तिला ठाऊक होतं. तिने क्रमांक तपासला. देवनागरी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या कोष्टकात ती जागा अजून कुठल्याच अक्षराला दिलेली नव्हती.

"हे काय लिहिलंस गं?"

"अक्षर आहे. यंत्रबाईंनी शिकवलंय सगळ्या वर्गाला."

"मग वाच बघू."

केतकी वाचू लागली. चौकोन आला की तिचे ओठ हलत, गळ्याची शीर ताणली जाई. सुलक्षणाला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. गॅलरीत बसलेली शेजारची तन्मयी नेमकी त्याच जागी खुदकन हसली. जन्मतःच कानात चिप बसवलेली या मुलींची पहिलीच पिढी होती.

"आई, तुला खरंच ऐकू येत नाही?"

"नाही गं."

केतकीचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तू मुद्दाम उत्तर देत नाहीस. घाबरले की आता तेच अक्षर तोंडात येतं. परवा लिफ्टमध्ये अडकले, तेव्हा केवढ्याने ओरडत होते मी!"

परवा त्याच लिफ्टच्या दाराला कान लावून सुलक्षणाने शेजाऱ्यांना कौतुकाने सांगितलं होतं, "बघा, आमची केतकी किती धीराची आहे."