इम्तियाज यांच्यावरचं पान

विश्रांतवाडीहून आलेल्या त्या पत्राला शरच्चंद्रांनी उत्तर दिलं नव्हतं. दिवाळीत आलेलं पत्र होळी झाली तरी टेबलाच्या काचेखालीच होतं.

नासिर हुसेन यांनी लिहिलं होतं, 'छायाचित्रणाच्या इतिहासावरील ग्रंथांची आपण केलेली सूची वाचनालयात पाहिली. पुण्यातील जुन्या फोटोग्राफरांवरच्या एका पुस्तकाच्या नोंदीत "कॅम्पातील इम्तियाज" असा उल्लेख आहे. ते माझे वडील. हे पुस्तक कुठल्याच दुकानात मिळत नाही. आपल्याकडे येऊन वाचू का?'

उत्तराची वाट पाहून शेवटी नासिर यांची मुलगी जरीनाच नारायण पेठेत शरच्चंद्रांच्या घरी आली.

"अब्बाच येणार होते. पण नजर अधू होत चाललीय. दिसतंय तोवर आजोबांचं नाव बघायचंय त्यांना."

शरच्चंद्र गडबडले. त्यांनी कपाटं उघडली. तीन भिंती पुस्तकांनी भरल्या होत्या. पंच्याला हात पुसून ते एकेक ग्रंथ खाली काढू लागले.

"काचेवर फोटो घ्यायचे, त्या काळातलं हे. आणि कागदावर चित्र कसं टिकलं, ते यात."

प्रत्येक पुस्तकाचं बारीक अक्षरात लिहिलेलं कार्ड होतं. जरीना बघतच राहिली.

"एकट्यानं केलंत हे सगळं?"

"केलं म्हणजे, झालं. कितपत बरोबर आहे कुणास ठाऊक."

"आणि आजोबांचं पुस्तक?"

शरच्चंद्रांनी खालच्या कप्प्यातल्या निळ्या कापडी बांधणीकडे पाहिलं. "ते मी कुणाला देत नाही. कच्चं आहे. लेखकानं या लोकांच्या घरी जाऊन विचारायला हवं होतं. लाजला असणार. जुने फोटो बघून आणि त्यांच्या मागचे शिक्के वाचून लिहिलंय सगळं."

"मग सूचीत का घेतलंत?"

"कपाटात आहे त्याचं कार्ड करायचं, असा नियम आहे."

सरोजिनीबाई चहा घेऊन आल्या. "त्या लेखकाशी यांचं जुनं वैर आहे. या घरात त्याच्याइतकी बोलणी कुणी खाल्ली नाहीत. मी धरून."

जरीना कार्ड वाचत होती. "लेखकाचं नाव नाही यावर. प्रकाशकाचंही."

"राहिलं."

"बरं, आजोबांबद्दल काय लिहिलंय, तेवढं तरी सांगा."

शरच्चंद्रांनी पुस्तक उघडलं नाही. "लग्नाच्या फोटोत नवरीची आई मागे कुठेतरी असायची. इम्तियाज तिला पुढे, खुर्चीवर बसवत. प्रत्येक फोटोत. पुण्यात दुसऱ्या कुणी असं केलेलं दिसत नाही."

जरीनानं कप खाली ठेवला. "आजी हेच सांगायची. काका, तुमचा लेखक एवढाही कच्चा नाही."

ती गेल्यावर शरच्चंद्रांनी निळं पुस्तक खाकी कागदात बांधायला घेतलं.

"एकुलती एक प्रत," सरोजिनीबाई म्हणाल्या. "टपालात हरवली तर?"

"त्यांची नजर जायच्या आत पोचली पाहिजे."

सकाळी त्यांनी स्वतः रांगेत उभं राहून रजिस्टर पार्सल केलं. आत उत्तर होतं:

'सप्रेम नमस्कार. उशिराबद्दल क्षमा असावी. पुस्तक पाठवत आहे. अक्षर बारीक आहे, सांभाळून घ्यावं. चुका असतील त्या विचारायला मी आपल्या घरी येतो. लिहितानाच यायला हवं होतं. लाजलो.'