तळ्याकडे पाठ करून

जिलानीभाईंनी तळ्याकडे पाठ केली आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

त्यांच्या मागे ऊन उतरत होतं. पाण्यावर तांबूस पट्टा पसरला होता. पन्नासेक बगळे एकदम उठले. लायबाने मोबाइलवर भराभर फोटो घेतले. तिच्या वडिलांनी घेतला तो गाड्या लावायच्या जागेचा. एक उभी जीप, तिच्यापासून निघालेला सिमेंटचा रस्ता, बस्स.

"अब्बा, तळं मागं हाय."

"हाय की. पळून थोडंच चाललंय?"

मग ते जीपपासून पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेले. ओठ हलत होते. पावलं मोजत होते. तीस वर्षं लग्नाचे फोटो काढले की माणूस मोकळी जागा दिसेल तिथे ग्रुप फोटोचं अंतर मोजतो, असं लायबाला वाटलं. नांदेडचा स्टुडिओ बंद होऊन दोन वर्षं झाली होती. पायांना ते अजून कळलं नव्हतं.

तिचा राग वेगळाच होता. दर रविवारी अब्बा कॅमेरा गळ्यात अडकवून निघायचे. कधी किल्ला, कधी लेणी, कधी धबधबा. अम्मी घरी.

जोहराबींची डावी बाजू लकव्याने गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. चाकाची खुर्ची आणली आणि पहिल्यांदाच त्यांना नायगावला एका लग्नाला नेलं. शादीखान्याला अकरा पायऱ्या होत्या. चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. सातव्या पायरीवर एकाचा हात सुटला. खुर्ची तिरकी झाली, डोक्यावरची ओढणी खांद्यावर आली, आणि अख्खं वऱ्हाड बघत राहिलं. "मी काय गहू-ज्वारीचं पोतं हाय का?" घरी आल्यावर त्या एवढंच बोलल्या. त्यानंतर उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. खुर्ची दाराआड गेली. तिच्यावर आता धुतलेले कपडे वाळत.

लायबा लातूरला नोकरी करायची. सुट्टीत आली तेव्हा तिने ठरवलं होतं, यावेळी बोलायचंच. परतताना हदगाव मागे पडल्यावर ती गाडीत बोलली.

"अम्मी घरात भिंती बघून राहिली अन् तुमी एकटेच जग फिरून राहिले. बरं वाटतं का हो?"

जिलानीभाईंनी गिअर बदलला.

सोमवारी संध्याकाळी ते एक जाड पाकीट घेऊन आले. चौदा रविवारांचे फोटो. आजवर त्यांनी ते कुणालाच दाखवले नव्हते. पाकीट त्यांनी जोहराबींच्या मांडीवर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

जोहराबींनी उजव्या हाताने एकेक फोटो पलंगावर मांडला. किल्ल्याची पायवाट. लेण्यांखालचा चढ. धबधब्याकडे जाणारी ओली वाट. धबधबा नाहीच.

"काय हो, नजर गेली का तुमची?" त्या म्हणाल्या. "असल्या फोटोसाठी लोक तुमच्याकडं यायचे?"

लायबाला बरं वाटलं. निदान अम्मीनेच बोलून दाखवलं.

पण जोहराबींनी एक फोटो उलटा केला. वीस वर्षं स्टुडिओचे अल्बम त्यांनीच चिकटवले होते. जिलानीभाई प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने टिपण लिहितात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी तो लायबाकडे सरकवला. चष्मा जवळ नव्हता.

लायबाने वाचलं. "पायऱ्या बावीस. नाही."

दुसरा. "चढ फार. चाक मागं येईल. नाही."

तिसरा. "वाट निसरडी. नाही."

तिचा आवाज हळू होत गेला. तेरा फोटो झाले. तेराच्या तेरांवर 'नाही' होतं.

चौदावा कालचा. जीप, सिमेंटचा रस्ता. मागे अक्षर जरा मोठं होतं. "गाडीपासून पाण्यापर्यंत बेचाळीस पावलं. पायरी एकही नाही. कुणी उचलायला नको."

जोहराबींनी तो फोटो मागून घेतला. बराच वेळ त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिल्या. खिडकीशी उभ्या माणसाने मान वळवली नाही.

"लायबा," त्या म्हणाल्या, "खुर्चीवरचे कपडे काढ."