भरलेली ढोली

जैतुनबी गेल्याची खबर नाशिकच्या दवाखान्यातून सकाळी आली. कबर खणायला गेलेल्यांनी परत येऊन आणखी एक खबर दिली. निफाडच्या कब्रस्तानातल्या जुन्या कडुलिंबावर, भर उजेडात, पांढऱ्या तोंडाचं घुबड बसलं होतं आणि खड्ड्याकडे बघत होतं. जमलेल्या बायका म्हणाल्या, यानेच नेलं तिला. तिचा नवरा कादर ते ऐकत होता. तो गवंडी होता. त्याच आठवड्यात, जुम्म्याची नमाज झाल्यावर, तो शिडी, थापी आणि घमेलं घेऊन गेला आणि घुबड राहायचं ती लिंबाची ढोली सिमेंट-खडीने गच्च भरून आला. काम नीट केलं. वरून घोटून गुळगुळीत केलं.

त्यानंतर बरेच दिवस एक घुबड संध्याकाळी कब्रस्तानाच्या भिंतीवर येऊन बसायचं. तोंड ढोलीकडे. कादर फातिहा पढून निघाला तरी ते हलायचं नाही. दगड मारला तर थोडं लांब जायचं आणि परत तिथेच येऊन बसायचं. किती निगरगट्ट आहे, असं कादरला वाटायचं. मग तेही दिसेनासं झालं.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी तो नेहमीसारखा बादली घेऊन कबरीपाशी आला. उशाला लावलेल्या सब्ज्याला त्याने पाणी घातलं. पाणी मातीवर थांबलं नाही. मोरीत जावं तसं आत गेलं. त्याचा आवाज खाली बराच वेळ येत राहिला, लांब लांब जात.

त्याने दुसरी बादली आणून ओतली. तीही गेली.

मग सब्जा हलला. वारा नव्हता. रोप जरासं वाकलं, बुडाशी माती सरकली आणि ते खाली जायला लागलं. हळूहळू, एकेक फांदी करत. कादरने गुडघे टेकून शेंडा धरला. खालून कोणीतरी दुसरं टोक धरलेलं होतं. त्याने ओढलं. खालून ओढलं गेलं. मग रोप तुटलं आणि कादरच्या मुठीत नुसता शेंडा राहिला.

भिंतीपलीकडे सहादूची द्राक्षबाग होती. तो तिथून विचारत होता, पाणी कोणी सोडलंय, माझ्या वेलीच्या बुडातून निघतंय. कादर भिंतीला वळसा घालून गेला. वेलीच्या बुडाशी मोठं भोक होतं, त्यातून गढूळ पाणी वाहत होतं. त्या पाण्यामागून एक घूस बाहेर आली. मांजराएवढी, भिजलेली. दोघांकडे बघून तिथेच बसली आणि पुढच्या पायांनी तोंड पुसायला लागली.

"बघा तिचा थाट," सहादू म्हणाला. "मालक आपण नाय, तीच हाय."

मग तो सांगत बसला. पावसाळ्यात घुशींनी ठिबकच्या नळ्या कुरतडल्या, आता वेलींच्या मुळ्या. विष ठेवलं तर गल्लीतली मांजरं मेली, बांधावरचं मुंगूस मेलं, घुशी दुप्पट झाल्या. बाग उभी दिसते, पण पाय टाकला की जमीन आत जाते. आधी असं नव्हतं. आधी लिंबावरची ती घुबडांची जोडी रोज रात्री बागेत फेरी मारून घुशींची पिल्लं उचलायची. ना पगार, ना चहापाणी. सहादूला ढोलीचं माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

"फोडा ती, कादरभाई," तो म्हणाला. "येतील परत. मुंबईला थोडीच गेलीत."

कादरचं लक्ष घुशीच्या मिशांकडे होतं. मिशीला सब्ज्याचं पान चिकटलेलं होतं. त्याने एवढंच विचारलं की कबरीच्या किती आत गेल्या असतील. सहादू दगड गोळा करायला लागला.

दोघांनी कबरीच्या भोकात दगड टाकले. पहिले काही दगड घरंगळत गेले, ते कुठे थांबले ते कळलं नाही. मग हळूहळू थर वर यायला लागला. वर चिकणमाती दाबून बसवली. कादर हातांनीच दाबत होता. पण एक भोक बुजवलं तर त्या दुसरं पाडणार, हे दोघांनाही दिसत होतं. कादर घरी जाऊन शिडी, छिन्नी आणि हातोडा घेऊन आला.

सहादूने खाली शिडी धरली. कादर वर चढला. त्याने छिन्नी सिमेंटवर टेकवली आणि एक ठोका दिला. आतून पोकळ आवाज आला. ढोली त्याने गच्च भरली असं त्याला वाटलं होतं. माल तोंडाशीच बसला होता, मागे जागा होती.

"भरली तव्हा काय येळ व्हती?" सहादूने खालून सहज विचारलं.

"दुपार. नमाज झाली होती जुम्म्याची."

शिडी जराशी हलली.

"दुपारचं तर ते आत झोपेल ऱ्हातं," सहादू म्हणाला.

"एक बाहेर होतं," कादर म्हणाला. "नंतर मी रोज बघायचो. त्या भिंतीवर."

"आन् दुसरं?"

कादरने छिन्नी काढून घेतली. सिमेंटवर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला. उन्हं भिंतीवरून उतरली, मग तोही उतरला.

कबरीवर आता नवा सब्जा लावलेला आहे. शिडी लिंबाला टेकवून ठेवलेली आहे. ढोली फोडायची राहिली आहे.