रिझ

"पोट्टे पोरी पटवाच्या गोष्टीत 'रिझ, रिझ' करतात, तो शब्द आपल्या रिझवण्यातला हाय बे! इंग्रजांनी चोरला," उकंडराव अडून बसले. शेजारच्या शालिग्रामनं पैजच लावली. हरणाऱ्यानं संग्रामपूरच्या बाजारात भाजीवाल्याच्या भोंग्यावरून बायकोला नावानिशी 'आय लव्ह यू' म्हणायचं.

मोबाइलनं निकाल दिला: 'कॅरिस्मा', म्हणजे मोहिनी, या इंग्रजी शब्दातून कापलेला. शालिग्राम नाचलाच. उभ्या जन्मात ज्यानं बायकोला 'अवं' सोडून हाक मारली नाही, त्याची आता चांगली जिरणार होती!

भर बाजारात उकंडराव भोंग्यावर ओरडले, "मनकर्णा, आय लव्ह यू!" शालिग्रामनं सगळ्यात मोठी शिट्टी मारली.

मनकर्णाबाईनं लाजून पदर तोंडाला लावला. "कालच तर पोरीनं तुमाले सांगतलं होतं ना, कॅरिस्मातून आला म्हणून? मंग हारले कसे?"