मुखवट्यामागची चाल

दुपारपर्यंत किती गिऱ्हाइकांचे चेहरे चढवले आणि उतरवले, सगुणाला आठवत नव्हतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू समोर दिसेल त्याला आई मानतं, म्हणून कंपनी तिला गिऱ्हाइकाचा मुखवटा घालायला लावायची. यंत्रातून आवाजही त्याचाच यायचा. मग दुखरा गुडघा ओढत ती पिल्लाला मागे मागे फिरवायची आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाकडे पाठवून द्यायची.

समोरच्या पडद्यावर तळवलकर आजोबा दिसले. गेल्या महिन्यात त्यांचं पिल्लू तिने त्यांच्याकडे पाठवलं होतं. आता तक्रार ऐकायची, म्हणून तिने मुखवटा वर सरकवला.

"बोला, काका."

"तक्रार नाही हो. पिल्लू नुसतं माझ्या तोंडाकडे बघायचं, मागे काही येईना. मग माझा पाय मुरगळला, तर लागलं की मागे! पाय बरा झाला, तसं पुन्हा बंद. आता बघा."

आजोबा उठले आणि डावा पाय ओढत खोलीभर फिरले. पिल्लू चिवचिवत त्यांच्या टाचेशी धावत होतं.

ते पडद्याजवळ आले.

"बाई, तुमचा डावा पाय फार दुखतो का हो?"