चौथा गडी

जुन्या मित्राचं, मुकुंदाचं पत्र येऊन सात महिने झाले, तरी त्र्यंबकरावांनी उत्तर दिलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं, "दर रविवारी माझ्या घरी रुपया-दोन रुपयांचा पत्त्यांचा पोकर चालतो. डावात पैशांऐवजी मांडायच्या चिंचोक्यांना कीड लागली. परवडतील अशा चकत्या घेऊन ये, आणि चौथा गडी म्हणून बस."

निवृत्त ग्रंथपाल असलेल्या त्र्यंबकरावांनी आधी चकत्यांविषयी मिळेल ते वाचून काढलं. चकत्या मातीच्या बऱ्या की प्लास्टिकच्या, वजन किती असावं, यांवर वही भरली. खेळता मात्र येत नव्हतं. चारचौघांत हसं होईल या धास्तीने पत्र वहीतच राहिलं.

आज खेळण्यांच्या दुकानात ते वही उघडून उभे होते. दुकानवाल्या बाईंनी चकत्यांच्या दोन पेट्या पुढे ठेवल्या. "नातवासाठी का, आजोबा?"

"नाही, मलाच," ते पुटपुटले.

"मग वही मिटा आणि हाताळून बघा."

महागड्या चकत्या जड होत्या. स्वस्तातल्या, प्लास्टिकच्या चकत्या बोटांतून निसटल्या आणि दुकानभर घरंगळल्या. बाईंबरोबर तेही गुडघे धरून खाली वाकले. कपाटाखालून लाल चकती ओढताना त्यांना हसू फुटलं, ते आवरेचना. भर दुकानात हसं झालं होतं आणि काहीच बिघडलं नव्हतं.

"याच द्या," ते म्हणाले.

पोस्टात त्यांनी लिहिलं, "रविवारी येतो. खेळायला शिकव." लाल चकती पाकिटात घातली, आणि पुन्हा काढून घ्यायचा मोह होऊ नये म्हणून टपालपेटीत मनगटापर्यंत हात घालून पाकीट सोडलं.