लवंगेचा वास

"बाबा, ही कसली फोडणी?" गॅसवरच्या कढल्यात डोकावत सुनेनं विचारलं.

"फोडणी नव्हे, दाढीचं तेल. साबणाआधी गालाला चोळायचं, मग पातं कसं सरसर फिरतं बघ!" सासऱ्यांनी कोमट एरंडेलात बदामतेल ओतलं आणि वर लवंगतेलाचे थेंब सोडले. सासूबाई गेल्यापासून दाढीचे खुंट वाढवून बसणारा हा माणूस हल्ली रोज सकाळी गुळगुळीत गालांनी हास्यक्लबला निघायचा.

"एवढा थाट कुणासाठी?"

"कुणासाठी कशाला? या वयात कातडी जपावी लागते."

रविवारी क्लबातून येताना ते केळुस्करबाईंना चहाला घेऊन आले. "नुसती तोंडओळख आहे हो आमची," त्यांनी दारातच जाहीर केलं.

सून नमस्काराला वाकली. बाईंनी तिला मायेनं उठवून जवळ घेतलं, गालाला गाल लावला. सून क्षणभर तशीच थांबली. बाईंच्या गालाला लवंगेचा घमघमाट येत होता.

चहाचा कप हातात देताना ती सासऱ्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा, लवंगतेल जरा बेतानं घालत जा. दोघांना पुरून उरतंय."